गीताची लय, पट्टी आणि भाव : ‘गीतरामायणा’च्या निमित्ताने

१

गेल्या काही वर्षांत आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांतून गीतांविषयीच्या नोंदींचा एक ठराविक नमुना आढळू लागला आहे. प्रथम गीताचे नाव, आणि त्यापुढे तीन रकाने : लय, पट्टी, भाव. लयीच्या रकान्यात मिनिटास पडणाऱ्या ठोक्यांचा आकडा असतो. पट्टीच्या रकान्यात पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरनाम व त्याला जोडून ‘मेजर’ किंवा ‘मायनर’ ही संज्ञा असते. भावाच्या रकान्यात ‘आनंदी’, ‘खिन्न’, ‘शांत’, ‘उत्साही’ यांपैकी एखादे विशेषण असते. हा नमुना संगणकीय संगीतसंग्रहांतून आलेला आहे, व तेथे तो यंत्राच्या साहाय्याने भरला जातो.

या नमुन्याकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष वेधले ते एका तोंडी परीक्षेच्या वेळी. एका विद्यार्थिनीने जपानी चित्रांकित चित्रपटांतील, म्हणजे आता सर्वत्र ज्यांस ‘ॲनिमे’ म्हणतात त्या पटांतील, गीतांवर प्रबंधिका लिहिली होती. तिच्यातील एका गीताच्या भावाचा उल्लेख ‘खिन्न’ असा होता. हा भाव कशावरून ठरविला, असे विचारता तिने उत्तर दिले, की लय संथ आहे आणि पट्टी मायनर आहे, म्हणून. गीताचा अर्थ काय, ते कथेत कोठे येते, ते कोण कोणास उद्देशून म्हणते, हे तिला उत्तम ठाऊक होते. परंतु त्याचा भावनिर्णयाशी काही संबंध असेल असे तिला वाटले नव्हते. दोष तिचा नव्हे. रकान्यांची मांडणीच तशी आहे. डावीकडील दोन रकाने भरले की तिसरा त्यांतून आपोआप निघतो, असा समज त्या मांडणीतून निर्माण होतो.

हा समज कितपत खरा आहे, याचा विचार करणे हा या टिपणाचा हेतू आहे. त्यासाठी जपानी गीतांपेक्षा आपल्या सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. ग. दि. माडगूळकरांनी रचिलेले व सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेले ‘गीतरामायण’ हे ते उदाहरण होय. ॲनिमेतील गीत आणि गीतरामायणातील गीत यांत एक महत्त्वाचे साम्य आहे. दोन्ही सुटी गीते नव्हेत. दोन्ही एका क्रमशः उलगडणाऱ्या कथेत बसविलेली आहेत. म्हणून एकाविषयी जे सिद्ध होईल ते दुसऱ्याविषयीही विचारात घ्यावे लागेल.

२

हे टिपण औंध येथे लिहिले जात आहे, आणि निवडलेल्या उदाहरणाचा या स्थळाशी संबंध आहे. माडगूळकरांचे माडगूळ हे गाव औंध संस्थानच्या आटपाडी महालात मोडत असे. आज तो भाग सांगली जिल्ह्यात आहे. त्यांचा जन्म १९१९ साली शेटफळे येथे झाला, आणि विद्यार्थिदशेतील काही काळ त्यांनी औंधात काढला. त्या वेळचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते व कीर्तनही करीत. १९१६ साली त्यांनी चित्रमय रामायण ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची कल्पना पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात पुढे आली, तेव्हा १९१८ साली तिला त्यांनी एक लक्ष रुपयांचे आश्वासन दिले, ते त्या आवृत्तीत चित्रे असावीत या इच्छेने. यमाईच्या डोंगरावरील संग्रहालय १९३८ सालचे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९४० साली, ग्वाल्हेर परंपरेचे गायक अंतूबुवा जोशी यांनी आपल्या गुरूंच्या, शिवानंदस्वामींच्या, स्मरणार्थ येथे संगीतोत्सव सुरू केला.

चित्र, कथा आणि गायन या तिन्ही गोष्टी अशा प्रकारे या लहानशा गावी एकत्र नांदत होत्या. यावरून माडगूळकरांच्या प्रतिभेचा उगम औंधात दाखविण्याचा मोह टाळणे बरे; तसा पुरावा द्यावयाचा तर स्वतंत्र संशोधन पाहिजे. येथे एवढेच म्हणावयाचे आहे, की कीर्तनाच्या उत्तररंगात आख्यान लावताना श्लोक, आर्या, साकी, दिंडी, ओवी असे रचनाप्रकार प्रसंगाप्रमाणे बदलत जातात आणि श्रोत्याचे चित्त त्यांतून कथेवर खिळून राहते. ही रीत ज्या समाजात रुजलेली होती त्याच समाजात गीतरामायण जन्मले व तेथेच ते प्रथम ऐकले गेले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून पहिले गीत प्रक्षेपित झाले. आठवड्यास एक याप्रमाणे पुढील रामनवमीपर्यंत ही मालिका चालली. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे गीतांची संख्या ५६ झाली. आठवडाभर पुढील गीताची वाट पाहणारा श्रोता हे गीत कोणत्या प्रसंगी येते, हे मनाशी धरूनच ते ऐकत असे.

३

प्रथम पट्टीचा विचार करू. मराठीत ‘पट्टी’ हा शब्द पेटीवरून आला आहे. गायक कोणत्या स्वरास षड्ज मानून गातो, ते सांगण्यासाठी आपण ‘काळी एक’, ‘पांढरी दोन’ असे म्हणतो. ही पट्टी आपल्याकडे गीताची नसते, गळ्याची असते. पुरुषांचा षड्ज सामान्यतः पांढरी एक ते काळी दोन यांच्या आसपास, तर स्त्रियांचा काळी चार, काळी पाच यांच्या आसपास असतो. एकच चीज गुरू एका पट्टीत व शिष्या दुसऱ्या पट्टीत गाते, आणि चीज बदलली असे कोणी म्हणत नाही.

गीतरामायणात याचा प्रत्यय मोठ्या प्रमाणावर आलेला आहे. मूळ प्रक्षेपणात निरनिराळ्या पात्रांची गीते निरनिराळ्या गायक-गायिकांकडे होती. माणिक वर्मा, ललिता फडके, लता मंगेशकर यांच्याप्रमाणेच वसंतराव देशपांडे, राम फाटक, बबनराव नावडीकर यांचेही आवाज त्यात होते. पुढे सुधीर फडके यांनी सर्व गीते एकट्याच्या आवाजात जाहीर कार्यक्रमांतून गायिली, आणि घरोघर पोहोचल्या त्या प्रामुख्याने त्यांच्याच आवाजातील ध्वनिमुद्रिका. म्हणजे कौसल्येचे व सीतेचे शब्द स्त्रीच्या षड्जावरून उतरून पुरुषाच्या षड्जावर आले. पट्टी तीन-चार स्वरांनी खाली गेली, तरी कौसल्येचे वात्सल्य व सीतेचा शोक कोणास उणा वाटला नाही. पट्टी हा भावाचा निर्णायक घटक असता तर असे घडते ना.

येथे एक आक्षेप संभवतो. पाश्चात्त्य संज्ञेत केवळ षड्जाचे स्थान सांगितलेले नसते. ‘मेजर’ किंवा ‘मायनर’ या शब्दाने स्वरांतील अंतरेही सांगितलेली असतात. हे मान्य केले पाहिजे. परंतु आपल्या गीतांस ही दुपेडी विभागणी लावली की अडचण उभी राहते, आणि ती कोणत्याही पेटीवर दोन मिनिटांत पडताळून पाहता येते. केवळ पांढऱ्या पट्ट्या वाजवाव्यात. पांढरी एक षड्ज मानली तर बिलावलाचे स्वर मिळतात. पांढरी दोन षड्ज मानली तर काफी थाट, म्हणजे भीमपलासाचे स्वर मिळतात. पांढरी तीनवरून भैरवी मिळते, आणि पांढरी चारवरून यमन. पट्ट्या त्याच, स्वरसमूह तोच. बदलतो तो षड्ज. ज्यास षड्ज कळला नाही त्यास या चारही ठिकाणी एकच गोष्ट ऐकू येईल. तंबोरा काही शोभेसाठी मागे वाजत नसतो, तो याच कारणासाठी असतो.

यंत्र कोणत्या स्वरावर किती मुक्काम आहे हेही मोजते, हे खरे. तथापि अखेरीस त्याच्यापुढे पर्याय दोनच असतात, मेजर आणि मायनर. पांढरी चारवर गायिलेला यमन त्या चौकटीत बसविताना त्याचा षड्ज पांढरी एकवर सरकण्याचा संभव असतो. अशा नोंदीत राग तर हरवतोच, षड्जही हरवतो. जी नोंद गीताचा षड्ज चुकविते तिच्यावरून भावाचे अनुमान करणे म्हणजे चुकीच्या पत्त्यावरून घरमालकाचा स्वभाव सांगण्यासारखे आहे.

४

आता भावाकडे वळू. कोमल स्वर म्हणजे दुःख आणि शुद्ध स्वर म्हणजे आनंद, असा एक ढोबळ समज सर्वत्र आढळतो. प्रस्तुत लेखकानेही विद्यार्थिदशेत तो बाळगला होता, व एका निबंधात गीतरामायणातील गीतांची तशी वर्गवारी करून ती अभिमानाने वाचून दाखविली होती. ती वर्गवारी चार गीतांपाशी कोसळते. ती चार गीते पाहू.

दशरथाच्या यज्ञातून प्रकट झालेला पुरुष त्यास पायस अर्पण करतो, त्या प्रसंगाचे गीत भीमपलासात आहे. भीमपलासात गांधार व निषाद कोमल आहेत. रकान्याच्या न्यायाने हे गीत ‘मायनर’ म्हणून ‘खिन्न’ ठरेल. प्रत्यक्षात निपुत्रिक राजाची इच्छा फळास आल्याचा हा क्षण आहे. तेथील भाव वर देणाऱ्याच्या गांभीर्याचा व वर घेणाऱ्याच्या कृतार्थतेचा आहे. कोमल स्वरांनी त्या आनंदास खोली दिली आहे; त्यांनी त्याचे दुःख केलेले नाही.

उलट, चित्रकूटावर भरत येतो, पित्याच्या निधनाचे वृत्त कळते, आणि राम त्यास मनुष्याच्या पराधीनतेविषयी उपदेश करतो, ते गीत यमनात आहे. यमनात एकही कोमल स्वर नाही. बैठकीत आरंभी गाण्याचा, शुभ मानलेला हा राग. येथे त्याच्यावर पितृवियोग, वनवास आणि नियती यांचे ओझे आहे, व ते त्याने सहज पेलले आहे. किंबहुना शोकप्रसंगी स्वर शोकाकुल न होऊ देणे, हाच येथे रामाचा स्वभाव आहे. तो भरताचे सांत्वन करीत आहे; स्वतः विलाप करीत नाही. स्वरकाराने राग निवडला तो प्रसंगाकडे पाहून नव्हे, वक्त्याकडे पाहून.

तिसरे उदाहरण पहिल्याच गीताचे. कुश आणि लव रामाच्या सभेत रामचरित्र गातात. गीत भूपात आहे. सा, रे, ग, प, ध हे पाच शुद्ध स्वर, शांत व प्रसन्न चलन. तरीही हे गीत ऐकताना डोळ्यांत पाणी उभे राहते, ते का? गाणारी मुले आपली आहेत हे रामास ठाऊक नाही. श्रोत्यास ते ठाऊक आहे. करुण रस उत्पन्न होतो तो या दोन जाणिवांमधील अंतरातून. तो भूपाच्या स्वरांत शोधून सापडणार नाही. स्वरांची प्रसन्नता त्या कारुण्यास उलट धार आणते.

चौथे उदाहरण शेवटच्या गीताचे. वाल्मीकी मुलांना रामायण गावयास सांगतात, त्यास भैरवी योजिली आहे. भैरवीत चार स्वर कोमल आहेत, परंतु हे गीत शोकाचे नाही. आपल्याकडे बैठकीची सांगता भैरवीने करण्याची रूढी आहे. श्रोता भैरवीचा पहिला स्वर ऐकताच ‘आता संपत आले’ असे समजतो, व त्या समजण्यात तृप्ती आणि हुरहूर दोन्ही असतात. येथे आणखी एक गोष्ट घडते. कथाक्रमाने हे शेवटचे गीत पहिल्या गीताच्या आधीचे आहे. मुलांना शिकवण मिळते, मग ती सभेत गातात. भैरवी मालिका संपविते आणि त्याच वेळी श्रोत्यास पुन्हा भूपापाशी आणून सोडते. हा भाव कोणत्याही एका विशेषणात मावणारा नाही.

स्वरसमूह भाव ठरवीत नाही याचा पुरावा रागसंगीतातच आहे. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच. भूपात गांधार वादी, देशकारात धैवत. एक रात्रीच्या पहिल्या प्रहरी, दुसरा सकाळी. जपानकडे पाहिले तर ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. सप्तकातील चौथा व सातवा स्वर गाळून होणाऱ्या स्वरसमूहास जपानीत ‘योनानुकी’ म्हणतात. ‘यो’ म्हणजे चार, ‘ना’ म्हणजे सात, ‘नुकी’ म्हणजे वगळणे. मेजर सप्तकातून हे दोन स्वर वगळले की आपल्या भूपाचे पाच स्वर उरतात. मेइजी राजवटीत १८८१ पासून शाळांसाठी जी गीतपुस्तके निघाली त्यांत हा स्वरसमूह रूढ झाला. एक स्कॉटिश चाल याच पाच स्वरांत असल्याने जपानी शब्दांसह तेथे आपलीशी झाली, व पुढे शाळेच्या निरोपसमारंभाशी कायमची जोडली गेली. आपल्याकडे जे स्वर सायंकाळची शांतता सुचवितात ते तेथे निरोपाचे स्वर ठरले. त्याचप्रमाणे जपानी ‘मियाकोबुशी’ हा स्वरसमूह आमच्या गुणकलीच्या सा, कोमल रे, म, प, कोमल ध या स्वरांशी जुळतो. तेथे तो चेरीच्या बहराच्या गीतात ऐकू येतो, येथे पहाटेच्या भैरव अंगात. स्वर प्रवास करतात. भाव मात्र ज्या त्या समाजाच्या सवयींतून घडतो.

५

लयीच्या रकान्यासंबंधी बोलताना भाषेच्या अभ्यासकास थोडे अधिक थांबणे भाग आहे, कारण येथे गीताची भाषा सरळ कामात येते. मिनिटास इतके ठोके, ही गणना ठेक्याची आहे. ती निरुपयोगी नाही. परंतु गीतात दोन लयी एकाच वेळी चालतात : एक ठेक्याची आणि दुसरी अक्षरांची. ठेका तोच ठेवून एका मात्रेत एक अक्षर घातले तर गीत संथ भासते; दोन-तीन अक्षरे घातली तर तेच धावू लागते. सेतुबंधनाच्या वानरगीताचा उत्साह केवळ ठेक्याच्या वेगातून आलेला नाही. लहान लहान शब्द, आज्ञार्थी क्रियापदे आणि समूहाने उचललेले ध्रुपद यांनी तो निर्माण केला आहे. यंत्र कधी कधी लयीचा आकडा दुप्पट किंवा निमपट देते, त्याचेही कारण हेच. कोणता ठोका मूळ मानावयाचा हे ठरविताना त्याचा घोटाळा होतो. ज्याला आपण बरोबरी आणि दुगुन म्हणतो तो भेद ऐकणाऱ्याने ठरवावा लागतो.

मराठीच्या बाबतीत आणखी एक विशेष आहे. बोलताना आपण शब्दाच्या अखेरचा ‘अ’ उच्चारीत नाही, व शब्दाच्या मध्यावरचाही पुष्कळदा गाळतो. ‘दशरथ’ हा शब्द बोलण्यात ‘दश्-रथ्’ असा दोन अवयवांचा होतो. ‘राम’ हा एकाच अवयवाचा, ‘राम्’. गाताना मात्र हे लोपलेले ‘अ’ परत येतात. ‘द-श-र-थ’ चार अक्षरे होतात, ‘रा-म’ दोन होतात, आणि अखेरच्या ‘म’ला स्वतःचा स्वर मिळतो. छंदःशास्त्र लघुगुरूंची मोजणी करते ती या गायिलेल्या, म्हणजे एका अर्थी जुन्या, उच्चाराची. चित्रकूटावरील उपदेशगीताच्या ध्रुपदाची ओळ या हिशेबाने चोवीस मात्रांची भरते. बोलीप्रमाणे मोजली तर ती मोडेल.

याचा परिणाम भावावर होतो. रोजच्या बोलण्यात आखूड झालेले शब्द गीतात आपली पूर्ण लांबी घेऊन येतात, तेव्हा ते परिचित असूनही थोडे दूरचे, पोथीतले वाटू लागतात. फडके यांच्या गायनात शब्दोच्चार स्वच्छ आहेत असे सर्वजण म्हणतात. त्या स्वच्छतेचा एक मोठा भाग म्हणजे हे अंत्य ‘अ’ न खाता, परंतु त्यांवर अकारण जोरही न देता, ते स्वरात विरघळू देणे होय. गीतरामायणात मराठी घरगुती राहूनही भारदस्त होते, त्यास हे एक कारण आहे. लयीच्या आकड्यात याचा मागमूस लागत नाही.

जपानीशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक उलगडतो. जपानी भाषाही मात्रांनी चालते. तेथील मोजणीत ‘निप्पोन’ या शब्दाच्या चार मात्रा होतात : नि, अडविलेला प्, पो, न्. आपल्या छंदःशास्त्रात जोडाक्षराच्या आधीचे अक्षर व अनुस्वारयुक्त अक्षर गुरू होते, म्हणजे एकाच्या दोन मात्रा होतात. जपानीत तीच वाढ स्वतंत्र एकक म्हणून मोजली जाते. गणित जवळजवळ तेच, पण गायनात फरक पडतो. जपानी संगीतकार त्या ‘न्’ला स्वतंत्र स्वर देऊ शकतो. मराठी संगीतकार सामान्यतः तो आधीच्या स्वरावर टेकवितो.

दुसरा फरक याहून मोठा आहे. टोकियोकडील जपानीत शब्दांचा अर्थ स्वराच्या चढउतारावरही अवलंबून असतो. ‘हाशि’ हा शब्द उंचावरून खाली आणला तर जेवणाच्या काड्या, खालून वर नेला तर पूल. म्हणून यामादा कोसाकू यांच्यासारख्या संगीतकाराने चालीचा चढउतार शब्दाच्या चढउताराशी जुळविण्याचा आग्रह धरला. आजचे गीतकार तो नेहमी पाळतात असे नाही. तथापि जपानी श्रोत्याचा कान त्या जुळण्याकडे असतो. मराठीत असे बंधन नाही. मराठी शब्द वर न्या वा खाली आणा, अर्थ तोच राहतो. मात्र ऱ्हस्वदीर्घ बिघडले की कानास लगेच खटकते. सारांश, मराठी गीत लांबीने बांधलेले आणि उंचीने मोकळे असते. जपानी गीतास दोन्हींचा विचार करावा लागतो. अशा दोन भाषांतील गीतांपुढे एकाच नमुन्याचे तीन रकाने मांडून तुलना केली तर ज्या ठिकाणी खरा भेद आहे तेच ठिकाण रिकामे राहते.

६

आता पुन्हा ॲनिमेकडे येऊ. रामायणावरही एक ॲनिमेपट आहे. साको युगो व भारतातील राम मोहन यांच्या सहकार्याने तो १९९२ साली पुरा झाला. त्याचे संगीत मुंबईच्या वनराज भाटिया यांचे. मूळ आवृत्तीत संवाद इंग्रजी असून गीते संस्कृतात आहेत. २०२५ च्या जानेवारीत तो भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा दाखविला गेला. संवादांची भाषा एक आणि गीतांची भाषा दुसरी, या योजनेमुळे गीत सुरू होताच प्रेक्षक कथेच्या वर्तमानातून बाजूस होतो व जणू पठण ऐकू लागतो. हा परिणाम भाषेच्या निवडीने साधलेला आहे. लय किंवा पट्टी बदलून तो साधला नसता.

दुसरे उदाहरण मियाझाकी हायाओ यांच्या २००१ सालच्या, पुढे ऑस्कर मिळालेल्या, चित्रपटाचे. चिहिरो नावाची मुलगी देवभुतांच्या जगात अडकते व अखेरीस बाहेर पडते, अशी ती कथा. शेवटी श्रेयनामावलीबरोबर किमुरा यूमी यांचे गीत येते. साथीला त्यांनी स्वतः वाजविलेले लायर हे लहानसे तंतुवाद्य. चलन तीन ठोक्यांचे. स्वर मेजर सप्तकाचे, म्हणजे बिलावलाचे. रकान्याच्या न्यायाने शुद्ध स्वरांचे हे गीत ‘आनंदी’ ठरावे. ऐकणारा मात्र त्यात हुरहूर ऐकतो. तो गेलेल्या बालपणाविषयी काहीतरी ऐकत आहे असे त्यास वाटते.

विशेष हे, की हे गीत या चित्रपटासाठी केलेलेच नव्हते. मियाझाकी यांच्या मनात त्या वेळी दुसऱ्याच एका चित्रपटाची कल्पना होती, तिच्यासाठी ते झाले. तो चित्रपट निघाला नाही. गीत उरले आणि चिहिरोच्या कथेच्या अखेरीस येऊन बसले. एकही स्वर न बदलता त्यास नवे स्थान मिळाले, आणि आज ते ऐकताना चिहिरोच्या परतण्याशिवाय दुसरे काही आठवत नाही. भाव स्थानातून किती मोठ्या प्रमाणात येतो याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. आमच्या भैरवीचे आणि या गीताचे स्वर परस्परांहून सर्वस्वी भिन्न आहेत, पण दोघांचे काम एक आहे. श्रोत्यास दारापर्यंत पोहोचविण्याचे.

७

यावर कोणी म्हणेल, की मग स्वर व लय यांना भावात काही वाटाच नाही काय? तसे म्हणावयाचे नाही. चित्रकूटावरील गीत धावत्या लयीत, किंवा सेतुबंधनाचे गीत विलंबितात, कोणी सहन करणार नाही. लय आणि स्वर भावाच्या मर्यादा आखतात. त्या मर्यादांच्या आत कोणता भाव उभा राहील ते शब्द, वक्ता, प्रसंग आणि श्रोत्यांची रूढी यांनी ठरते. रकान्यांचा दोष आकडे दिल्याचा नाही. आकडे जेथे थांबतात तेथे विशेषण चिकटवून विचार पुरा झाला असे भासविणे, हा तो दोष आहे.

हा प्रश्न केवळ प्रबंधिकांपुरता असता तर त्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. औंध, आटपाडी, कुंडल या परिसरातील कीर्तने, भजने आणि जात्यावरील ओव्या ध्वनिमुद्रित करण्याचे काम आमचे काही विद्यार्थी करू इच्छितात. त्यांच्या नोंदवहीचा कच्चा आराखडा प्रस्तुत लेखकाने पाहिला, तर त्यातही तेच तीन रकाने होते. ओवीस ठेका नसतो; तिची लय जात्याच्या फेऱ्याची असते, आणि आज जाते बाजूस असल्याने म्हणणारी बाई ती लय आठवणीने धरते. तिचा षड्ज ती म्हणेल तो. एकीने उचलला आणि दुसरीने साथ दिली की तोही हलतो. सासरच्या जाचाची ओवी आणि भावाच्या कौतुकाची ओवी एकाच चालीवर चालतात. अशा गीतापुढे लयीचा आकडा, मेजर वा मायनर आणि एक विशेषण लिहून ठेवले, तर पन्नास वर्षांनी ते पाहणाऱ्यास दोन्ही ओव्या एकच वाटतील. ज्या बायांच्या मुखी त्या आहेत त्या तेव्हा विचारावयास नसतील.

म्हणून अशा नोंदीसाठी पुढील क्रम सुचवावासा वाटतो. प्रथम, गीत कोणाच्या आवाजात आहे आणि त्या आवाजाचा षड्ज कोणता. दुसरे, त्या षड्जाच्या आधाराने कोणते स्वर लागतात व कोणत्या स्वरावर मुक्काम आहे. राग निश्चित असेल तर त्याचे नाव. तिसरे, ठेक्याची गती आणि तिच्यात अक्षरांची दाटी किती; ठेका नसेल तर गीत कोणत्या कामाच्या किंवा हालचालीच्या अंगाने चालते. चौथे, वक्ता कोण, श्रोता कोण, आणि कथेत किंवा दिवसाच्या कोणत्या वेळी हे म्हटले जाते. भावाचा उल्लेख या चारही गोष्टींनंतर यावा, आणि तो एका शब्दात न येता एका वाक्यात यावा. त्या वाक्यात ‘कारण’ हा शब्द असावा. ‘की’ या इंग्रजी संज्ञेस ‘राग’ किंवा ‘सप्तक’ असा प्रतिशब्द देण्याची चाल सोडावी. षड्जाचे स्थान सांगावयाचे असेल तेथे ‘पट्टी’ हा शब्द पुरेसा आहे, आणि तो पेटी वाजविणाऱ्या कोणासही समजतो.

वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीने आपली प्रबंधिका या क्रमाने पुन्हा लिहून आणली आहे. ‘खिन्न’ म्हणून नोंदविलेल्या गीतापुढे आता पाच ओळी आहेत. त्यांतील एक ओळ अशी, की हे गीत म्हणणारी व्यक्ती खिन्न नसून खिन्न झालेल्या दुसऱ्या कोणास धीर देत आहे. पहिल्या खेपेस तिने हे ऐकले नव्हते असे नाही. त्यासाठी रकाना नव्हता.